बॅरिस्टर प्रिट यांचे चार खटले

जुना कागद हातीं आला म्हणजे त्याची पारख करण्याची आम्हां संशोधकांची एक ठराविक रीत आहे. कागद कोणत्या जातीचा, अक्षराचें वळण कोणत्या काळचें, शिक्का व मोर्तब जागच्या जागीं आहेत कीं नाहींत, तिथि व वार यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें प्रथम पाहावयाचें आणि मग मजकुराकडे वळावयाचें. समकालीन लेख हा उत्तरकालीन बखरीहून श्रेष्ठ व प्रत्यक्ष पाहणाराची साक्ष ही ऐकीव माहितीहून श्रेष्ठ, हा कै. राजवाडे यांच्या काळापासून चालत आलेला दंडक आपण सर्वांनीं मान्य केलेला आहे. दंडक योग्यच आहे. परंतु तो निरपवाद मात्र नाहीं. अस्सल कागदावर खोटा मजकूर असूं शकतो. आणि प्रसंग डोळ्यांनीं पाहिलेला, शिवाय त्या विषयांत तज्ज्ञ असलेला मनुष्यहि सपशेल फसूं शकतो. असा मनुष्य कां फसतो, याचें एक ठळक उदाहरण वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय परदेशचा व विसाव्या शतकांतील आहे. पण त्यांतून निघणारा धडा आमच्या दप्तरांसहि तितकाच लागू आहे.

बॅ. डेनिस नोएल प्रिट हे इंग्लंडांतील नामांकित वकील २२ सप्टेंबर १८८७ रोजीं जन्मले व २३ मे १९७२ रोजीं वारले. १९०९ सालीं त्यांनीं वकिलीची सनद घेतली व १९२७ सालीं त्यांना किंग्ज कौन्सेल हा मानाचा दर्जा मिळाला. राजकारणांत ते हुजूरपक्षाकडून उदारपक्षाकडे व तेथून मजूरपक्षाकडे आले. त्यांच्या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडाचें नांवच ‘उजवीकडून डावीकडे’ अशा अर्थाचें आहे. १९३५ पासून १९५० पर्यंत ते पार्लमेंटचे सभासद होते. फिनलंडवरील रशियाच्या स्वारीचें समर्थन केल्यामुळें १९४० सालीं मजूरपक्षानें त्यांना काढून टाकलें. तरी १९४५ च्या निवडणुकींत ते स्वतंत्रपणें निवडून आले. आज ज्यांस मानवी हक्कांचे वकील म्हणतात, त्या वर्गांत त्यांची गणना होते. कारण परमुलखांतील व वसाहतींतील आरोपींचे खटले त्यांनीं जन्मभर चालविले. त्यांपैकीं चार प्रकरणें येथें कालानुक्रमानें घेतलीं आहेत.

पहिलें प्रकरण हाँगकाँगचें. जून १९३१ मध्यें तेथील पोलिसांनीं सुंग मान चो असें नांव सांगणाऱ्या एका इसमास पकडलें. हा इसम म्हणजे पुढें हो चि मिन्ह या नांवानें प्रसिद्धीस आलेला व्हिएतनामी पुढारी होय. फ्रेंच इंडोचायनांतील न्यायालयानें त्यास १९२९ सालींच गैरहजेरींत देहान्ताची शिक्षा ठोठावलेली होती. इंग्रज वसाहतीच्या सरकारनें त्यास हद्दपार करण्याचा हुकूम काढला. आणि ज्या गलबतावर त्यास चढवावयाचें तें गलबत फ्रेंच मुलखाकडे जाणार, अशी वदंता होती. फ्रँक लोजबी या हाँगकाँगमधील सॉलिसिटरानें हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. तेथें यश आलें नाहीं, तेव्हां प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढें गेलें. आरोपीतर्फें प्रिट उभे राहिले व सरकारतर्फें सर स्टॅफर्ड क्रिप्स. मुद्दा वरवर लहान होता. हद्दपारीचा अधिकार सरकारला आहे, हें कोणीच नाकारीत नव्हतें. परंतु हद्दपारीच्या नांवाखालीं एखाद्यास त्याच्या शत्रूच्या स्वाधीन करण्याचा अधिकार सरकारला आहे काय? जून १९३२ मध्यें उभयपक्षीं तडजोड झाली, व फ्रेंच मुलखांत त्यास पाठवूं नये असें ठरलें. १९३३ च्या आरंभीं तो हाँगकाँगहून निसटला. त्यानें पुढें स्थापिलेलें राज्य लोकशाहीचें होतें, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. कायद्याच्या एका शब्दाआड दुसरीच कृति लपविली जात होती व ती वकिलानें उघडी पाडली, एवढेंच येथें नोंदावयाचें आहे.

दुसरें प्रकरण राइशस्टागच्या आगीचें. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्रीं बर्लिन येथील विधिमंडळाची इमारत जळाली. हिटलर अधिकारावर येऊन त्या वेळीं महिनाहि झाला नव्हता. मारिनुस व्हान डर लुब्बे हा डच तरुण आगीच्या जागींच सांपडला. दुसऱ्याच दिवशीं वटहुकूम निघून भाषण, मुद्रण व सभा यांचें स्वातंत्र्य स्थगित झालें, व आग हा कम्युनिस्टांच्या बंडाचा इशारा होता असें सरकारनें जाहीर केलें. लुब्बेबरोबर जर्मन कम्युनिस्ट पुढारी टोर्गलर आणि डिमिट्रॉव्ह, पोपॉव्ह व टानेव्ह हे तीन बल्गेरियन यांजवरहि खटला भरला गेला. लाइप्झिग येथें खटल्यास २१ सप्टेंबर रोजीं आरंभ व्हावयाचा होता. त्यापूर्वींच १४ सप्टेंबर रोजीं लंडनमध्यें प्रिट यांच्या अध्यक्षतेखालीं निरनिराळ्या देशांतील कायदेपंडितांचें एक चौकशीमंडळ बसलें. अमेरिकेचे आर्थर गारफील्ड हेज, स्वीडनचे गेओर्ग ब्रांटिंग, हॉलंडच्या बेट्सी बाकर-नोर्ट वगैरे मंडळी त्यांत होती. या मंडळास कायद्याचा कसलाहि अधिकार नव्हता. तरी साक्षीदारांच्या जबान्या घेऊन २० तारखेस त्यांनीं निर्णय दिला: चौघां कम्युनिस्टांविरुद्ध पुरावा नाहीं, लुब्बेनें एकट्यानें हें कृत्य केलें असणें शक्य दिसत नाहीं, आणि आग नाझी पुढाऱ्यांनींच लावविली असा संशय घेण्यास बळकट आधार आहे.

या निर्णयाचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. पुरावा नाहीं, हा पहिला भाग टिकला. २३ डिसेंबर १९३३ रोजीं लाइप्झिगच्या न्यायाधीशांनाहि त्या चौघांस निर्दोष सोडणें भाग पडलें. लुब्बेचा मात्र १० जानेवारी १९३४ रोजीं शिरच्छेद झाला. आणि तोहि आगीनंतर केलेला कायदा मागील तारखेपासून लागू करून. जर्मन सरकारी वकिलांनीं ही शिक्षा रद्दबातल झाल्याचें २००८ च्या आरंभीं जाहीर केलें. आग नाझींनीं लावविली, हा निर्णयाचा दुसरा भाग मात्र वादांत सांपडला. फ्रिट्झ टोबियास यानें १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत लुब्बेनें एकट्यानेंच आग लावली असें प्रतिपादन केलें, आणि तेव्हांपासून इतिहासकारांत त्याविषयीं मतभेद चालू आहे. ज्या प्रचारमोहिमेच्या पोटीं हें मंडळ जन्मास आलें, तिनें पुढें आणलेलें ‘ओबरफोरेन टिपण’ तर अनेक संशोधक बनावटच मानतात. विरुद्ध पक्षाचा पुरावा पोकळ आहे हें दाखविणें, आणि खरा प्रकार असा घडला हें सिद्ध करणें, हीं दोन कामें निराळीं आहेत. पहिलें प्रिट यांनीं उत्तम केलें. दुसऱ्यांत त्यांचें पाऊल कच्च्या जमिनीवर पडलें. आणि लक्षांत ठेवावयाचें तें हें कीं, तें पाऊल त्यांच्या सहानुभूतीच्या दिशेनें पडलें.

आतां तिसरें प्रकरण. १९ ऑगस्ट १९३६ रोजीं मॉस्को येथें झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह व दुसरे चौदा असामी यांजवरील खटल्याची सुनावणी सुरू झाली. स्टालिन व इतर पुढारी यांचे खून पाडण्याचा कट ट्रॉट्स्कीच्या चिथावणीनें केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. आरोपींनीं वकील घेतले नाहींत. बहुतेकांनीं भर न्यायसभेंत सर्व कांहीं कबूल केलें. २४ तारखेस निकाल लागला, व लगेच सोळाही जणांस गोळ्या घालण्यांत आल्या. प्रिट हा खटला पाहण्यास जातीनें हजर होते. रशियांतील न्यायपद्धतीचा त्यांचा अभ्यासहि होता; १९३२ सालीं तेथें जाऊन आलेल्या इंग्रज अभ्यासकांच्या मंडळींत ते होते व त्या विषयावर त्यांनीं लिहिलेलें होतें. परत आल्यावर त्यांनीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा इत्यर्थ असा: खटला योग्य रीतीनें चालला, आरोपींच्या चेहऱ्यावर वा वागण्यांत छळाचें चिन्ह दिसलें नाहीं, निरपराधी माणसें असे कबुलीजबाब देणार नाहींत, आणि आरोपी गुन्हा कबूल करतो तेव्हां कोणत्याहि देशांत बाकीचा पुरावा मांडण्याचें कारण उरत नाहीं.

आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही पुस्तिका अव्वल प्रतीचें साधन होय. लेखक समकालीन, प्रत्यक्षदर्शी, कायदेपंडित व परदेशस्थ. यापेक्षां अधिक काय पाहिजे? तरी ती साफ चुकली, आणि ती चूक उघड केली एका शहराच्या क्षुल्लक स्थानिक माहितीनें. होल्त्समान नांवाच्या आरोपीनें आपल्या जबानींत असें सांगितलें होतें कीं, नोव्हेंबर १९३२ मध्यें कोपनहेगन येथील हॉटेल ब्रिस्टलमध्यें ठरल्याप्रमाणें ट्रॉट्स्कीचा मुलगा सेडॉव्ह आपणांस भेटला व तेथून ट्रॉट्स्कीकडे घेऊन गेला. ट्रॉट्स्की त्या सुमारास व्याख्यानासाठीं कोपनहेगनला खरोखरच आला होता, त्यामुळें हकीकत वरवर जुळत होती. परंतु शिक्षा अंमलांत आल्यावर थोड्याच दिवसांत डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्रानें छापलें कीं, कोपनहेगनचें हॉटेल ब्रिस्टल १९१७ सालींच बंद पडलेलें आहे. जें हॉटेल पंधरा वर्षांपूर्वीं नाहींसें झालें, त्याच्या दिवाणखान्यांत ही भेट झाली! पुढें अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या चौकशीमंडळानें १९३७ सालीं मेक्सिकोंत ट्रॉट्स्कीची सविस्तर जबानी घेतली, कागदपत्र तपासले, आणि सेडॉव्ह त्या वेळीं कोपनहेगनांत नव्हता, बर्लिनमध्यें होता, असें ठरविलें. शेवटीं १३ जून १९८८ रोजीं खुद्द सोव्हिएट सर्वोच्च न्यायालयानेंच झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह प्रभृतींच्या शिक्षा रद्द केल्या. मेलेल्यांस त्याचा उपयोग बावन्न वर्षें उशिरां झाला.

येथें आपल्याकडील एका चालीची आठवण होते. जुन्या गोतसभांच्या निवाड्यांत हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेत. आपला वाद खोटा पडला अशी ती लेखी कबुली असे. परंतु हें खत उभय पक्षांच्या तकरीरा ऐकून, साक्षीमोझे व कागदपत्र पाहून निवाडा झाल्यानंतरचें. तें निवाड्याचें फळ होतें, आधार नव्हता. मॉस्कोस हा क्रम उलटला: कबुली आधीं, आणि तीच निवाड्याचा पाया. दप्तरांत आज एखादें सुटें येजितखत सांपडलें व महजर मिळाला नाहीं, तर केवळ त्या खतावरून वतन कोणाचें हें आपण ठरविणार नाहीं. प्रिट यांनीं नेमकें तेंच केलें.

ते मूर्ख नव्हते, लांचखाऊहि नव्हते. तीनच वर्षांपूर्वीं जर्मन सरकारच्या पुराव्याची चिरफाड करणारा हा मनुष्य होता. मग हॉटेल ब्रिस्टलविषयींचा साधा प्रश्न त्यांना कां सुचला नाहीं? आमच्या मतें याचें उत्तर त्यांच्या बुद्धींत नसून त्यांच्या आपलेपणांत आहे. बर्लिनचें सरकार त्यांना परकें होतें, म्हणून त्याचें प्रत्येक विधान त्यांनीं तपासलें. मॉस्कोचें सरकार त्यांना आपलें वाटत होतें, म्हणून त्याच्या विधानांस तपासाची गरजच त्यांना भासली नाहीं. १९५४ सालीं त्या सरकारनें त्यांना स्टालिन शांतता पारितोषिकहि दिलें.

चौथें प्रकरण केनियांतील कापेंगुरियाचें. मॉस्कोची पुस्तिका वाचून प्रिट यांचें नांव जे टाकून देतील, त्यांनीं हें प्रकरण अवश्य पाहावें. २० ऑक्टोबर १९५२ रोजीं केनियाच्या इंग्रज सरकारनें आणीबाणी पुकारून जोमो केन्याटा यांस पकडलें, व ‘माउ माउ’ या गुप्त संघटनेचें चालकत्व केल्याबद्दल त्यांच्यावर व दुसऱ्या पांच जणांवर खटला भरला. खटल्याची जागा म्हणून वायव्येकडील कापेंगुरिया हें आडगांव निवडण्यांत आलें. तेथें रेल्वे नाहीं, हॉटेल नाहीं. बचावाच्या वकिलांना किताले गांवीं राहून रोज मोटारीनें येजा करावी लागे. निवृत्त न्यायाधीश रॅन्स्ली थॅकर यांस मॅजिस्ट्रेट नेमलें होतें, ज्यूरी नव्हती. प्रिट यांच्याबरोबर बचावास नायजेरियाचे एच. ओ. डेव्हिस, जमेकाचे डडली टॉम्सन, नैरोबीचे अछरू कपिला व जसवंतसिंग, आणि पं. नेहरूंच्या सरकारनें धाडलेले दिवाण चमनलाल होते. मूळचे गोमंतकीय व मुंबईंत जन्मलेले तरुण बॅरिस्टर फिट्झ डिसूझा हेहि त्या मंडळींत होते. स्वतंत्र केनियाच्या विधिमंडळाचे ते पुढें उपसभापति झाले.

या खटल्यांत प्रिट यांची पुराव्यावरील नजर पुन्हां पूर्वीसारखी तीक्ष्ण झालेली दिसते. दुभाषा म्हणून प्रसिद्ध पुराणवस्तुसंशोधक लुई लीकी यांची योजना झाली होती. किकुयु भाषा त्यांना लहानपणापासून अवगत होती. परंतु माउ माउविरुद्ध पुस्तक लिहिलेला मनुष्य तटस्थ दुभाषा कसा ठरेल, असा आक्षेप प्रिट यांनीं घेतला, व भाषांतरांवरून खटके उडून शेवटीं लीकी यांनीं काम सोडलें. पार्लमेंटच्या सभासदांस प्रिट यांनीं न्याय नाकारला जात असल्याची तार केली, तेव्हां न्यायालयाच्या अवमानाचा आरोप त्यांच्यावरच आला. तो केनियाच्या वरिष्ठ न्यायालयांत टिकला नाहीं. फिर्यादी पक्षाची मुख्य भिस्त रॉसन माचारिया या साक्षीदारावर होती. १६ मार्च १९५० रोजीं केन्याटा यांनीं आपल्यासमक्ष शपथविधि केला, असें त्यानें सांगितलें. त्या दिवशीं माउ माउवर बंदीच नव्हती, ती पुढें ऑगस्टांत आली, हें प्रिट यांनीं दाखविलें; आणि माचारियाचें म्हणणें खोडणारे अनेक साक्षीदार उभे केले. थॅकर यांनीं तरीहि माचारियावरच विश्वास ठेविला, व ८ एप्रिल १९५३ रोजीं सर्वांस सात वर्षें सक्तमजुरीची शिक्षा दिली.

नंतर कागद बोलूं लागले. १९५८ सालीं माचारियानें प्रतिज्ञालेख करून सांगितलें कीं, आपली साक्ष खोटी होती व तिच्या मोबदल्यांत सरकारनें आपणांस विलायतेंत शिक्षणाचें आमिष दाखविलें होतें. शिक्षा त्याला झाली ती मूळच्या साक्षीबद्दल नव्हे, तर हा प्रतिज्ञालेख खोटा केला म्हणून! मॅजिस्ट्रेट थॅकर यांस सरकारकडून २०,००० पौंड देण्यांत आले होते, हेंहि गव्हर्नर बेअरिंग यांच्या चरित्रांतून पुढें आलें. आणि दप्तरांच्या शोधकांस विशेष वाटावी अशी गोष्ट तर २०११ सालीं उजेडांत आली. केनियांतील वृद्ध बंदिवानांनीं लंडनच्या न्यायालयांत लावलेल्या दाव्यांत इंग्लंडच्या परराष्ट्रखात्यास कबूल करावें लागलें कीं, वसाहती सोडतांना निवडून आणलेले कागद हॅन्सलोप पार्क येथें लपवून ठेवलेले आहेत. सदतीस मुलखांचे सुमारें ८,८०० फडके तेथें निघाले. त्यांच्या आधारें छावण्यांतील छळाचा पुरावा मिळाला, व २०१३ सालीं इंग्रज सरकारनें ५,२२८ दावेदारांस खर्चासह १ कोटि ९९ लाख पौंड देण्याचें मान्य केलें.

केन्याटा १९६३ सालीं स्वतंत्र केनियाचे पंतप्रधान झाले. पण कथा येथें संपत नाहीं. कापेंगुरियास त्यांच्या शेजारीं आरोपी म्हणून उभे असलेले बिल्डाड कागिया १९६८ सालीं, व आचिएंग ओनेको १९६९ सालीं, त्याच स्वतंत्र केनियांत तुरुंगांत गेले. ओनेको तर खटल्यावांचून. प्रिट स्वतः १९६५-६६ मध्यें घाना विद्यापीठांत कायद्याचे अध्यापक होते. त्याच घानांत फेब्रुवारी १९६५ मध्यें डांक्वा हे जुने बॅरिस्टर व लोकशाहीचे पुरस्कर्ते चौकशीविना स्थानबद्ध असतां तुरुंगांत वारले होते. परक्या सत्तेशीं लोकशाहीसाठीं भांडणाऱ्या वकिलाची अवघड परीक्षा आपला पक्ष अधिकारावर आल्यावरच होते.

आतां या चरित्राची किंमत कशी करावी? मॉस्कोमुळें कापेंगुरियाचें काम खोटें ठरत नाहीं, आणि कापेंगुरियामुळें मॉस्कोची पुस्तिका खरी होत नाहीं. कागद एकाच लेखकाचे असले तरी प्रत्येकाची पारख वेगळी झाली पाहिजे. प्रिट यांची पुस्तिका आज टाकून देण्याजोगी नाहीं. झिनोव्हिएव्हच्या अपराधाचा पुरावा म्हणून ती निरुपयोगी आहे. परंतु १९३६ सालीं एक हुशार व निर्भय मनुष्य काय मानावयास तयार होता, याचा ती अस्सल पुरावा आहे. कोणत्या प्रश्नास कोणता कागद उत्तर देऊं शकतो, हें ओळखणें हीच पारख.

शेवटीं आमच्या स्वतःच्या घरांत डोकवावें. आमच्यापैकीं किती जणांनीं आपल्या घराण्याचा करीना, आपल्या गांवच्या वतनाचा महजर, आपल्या ज्ञातीची वंशावळ छापतांना परक्याच्या कागदास लावतों तीच कसोटी लावली आहे? विरोधी घराण्याच्या सनदेंतील एक चुकलेला वार आमच्या डोळ्यांत लागलाच खुपतो. आपल्या सनदेंतील तशीच चूक मात्र लेखकाच्या हातून घडलेली किरकोळ चूक ठरते. म्हणून आमची सूचना इतकीच आहे कीं, जो कागद वाचतांच मनास आनंद होतो, तो छापण्यापूर्वीं हा आपल्या प्रतिपक्ष्याच्या दप्तरांत सांपडला असता तर आपण काय म्हटलें असतें, असा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा, आणि मग कागदांत ज्या जागेचें नांव आलें असेल ती जागा त्या तारखेस खरोखर उभी होती कीं नाहीं, हें तेथील दप्तरांत पाहून यावें. कोपनहेगनला हें पाहण्यास एक दिवस पुरला असता.